लग्नाच्या रजिस्टरमध्ये पन्नास वर्षांपूर्वीची चूक सापडलीय, दुरुस्ती कशी करायची?

खाडीकाठचा_सेक्रेटरी

जय ख्रिस्त सगळ्यांना. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावातल्या लहान मंडळीचा सेक्रेटरी, एप्रिलपासूनच काम हातात आलंय. अठ्ठावीस घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलपं, माणसं मुंबई-पुण्याला, मे महिन्यात आणि नाताळला येतात तेवढीच. पाळकसाहेबांकडे आमच्याशिवाय अजून दोन ठिकाणं आहेत त्यामुळे ते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात, बाप्तिस्मा, प्रभुभोजन जे काय असेल ते त्या दिवशी, बाकीचे रविवार आम्हीच उपासना चालवतो. चर्च मूळचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पठडीतलं, १९७० ला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन झालेलं) आलं, पण लग्नाचं रजिस्टर तेच जुनं इंग्रजी छापील पुढे चालू ठेवलेलं आहे.

आता अडचण सांगतो. आमच्या मंडळीतल्या एक काकू आहेत, त्यांचे मिस्टर प्राथमिक शिक्षक होते, गेल्या वर्षी वारले. फॅमिली पेन्शनसाठी ऑफिसात लग्नाचा पुरावा मागितला कारण सेवापुस्तकातलं नाव आणि कागदांवरचं नाव जुळत नाही. लग्न आमच्याच चर्चमध्ये १९७४ साली झालेलं. मी ट्रंक उघडून रजिस्टर काढलं तर नोंद मिळाली, पण त्यात दोन घोटाळे. (नावं बदलून लिहितोय.) एक म्हणजे नवऱ्याच्या वडिलांचं नाव 'योसेफ' लिहिलंय, ते खरं 'याकोब' होतं, वरच्या ओळीतल्या लग्नात मुलाच्या वडिलांचं नाव योसेफ आहे, म्हणजे लिहिणाऱ्याने उतरवताना चुकून तेच खाली लिहिलं असणार हे बघूनच कळतं. दुसरं, काकूंचं नाव रजिस्टरात 'रूथ' आहे आणि आधार, रेशनकार्ड, सेवापुस्तक सगळीकडे 'सुमन'. घरात गावात त्यांना सुमनच म्हणतात, मलाही रूथ हे नाव आत्ता कळलं.

कमिटीत विषय काढला तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की त्यात काय एवढं, व्हाइटनर लाव आणि दोन्ही नावं नीट लिही, आपलंच रजिस्टर आहे, काकूंचं काम होतंय ना. दुसरे म्हणाले नोंदच मिळाली नाही असं पत्र देऊन टाक, त्या कोर्टातून काय ते करतील. मला दोन्ही पटलं नाही म्हणून इथे विचारतोय. काकू दर दोन दिवसांनी घरी येतात, काही बोलत नाहीत, पायरीवर बसतात आणि विचारतात झालं का रे बाळा. कुणी हे काम केलं असेल तर नीट सांगा, मला यातलं काही माहीत नाही आणि चुकीचं काही करायचं नाहीये.

पाळक_घाटावरचे

जय ख्रिस्त भाऊ. मी निवृत्त पाळक आहे, बेचाळीस वर्षं सेवा केली, त्यातली नऊ वर्षं कोकणात. पहिली गोष्ट, व्हाइटनर, ब्लेड, खोडरबर यातलं काहीही त्या पानाला लागू देऊ नका. तुम्ही थांबलात आणि विचारलंत हे फार चांगलं केलंत. ते रजिस्टर मंडळीच्या ताब्यात असलं तरी कायद्याने ठेवलेलं दप्तर आहे, भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि आजही तोच चालतो, आणि रजिस्टर मुद्दाम बिघडवणं किंवा खोटी नोंद घालणं याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या ज्येष्ठांना हे प्रेमाने सांगा, त्यांचा हेतू वाईट नाही, पूर्वी बऱ्याच ठिकाणी असंच उरकायचे. मी एका ठिकाणी चार्ज घेतला तेव्हा एका पानावर ब्लेडने खरवडून नाव बदललेलं होतं, कुणी कधी केलं काही पत्ता नाही, आणि त्या बाईंची केस पुढे अडली ती त्या खरवडलेल्या जागेमुळेच. मूळ नोंद चुकीची असती तर मी दुरुस्त करून दिली असती, पण खरवडल्यावर मूळ काय होतं हेच कुणाला सांगता येईना. अजून मनाला लागून आहे ते.

'नोंद नाही' असं पत्र तर अजिबातच देऊ नका. नोंद आहे. ती असताना नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि त्या बाईंचं चर्चमध्ये झालेलं लग्न आपणच पुसून टाकल्यासारखं होईल.

दुरुस्तीची वाट कायद्यातच आहे. कलम ७८. लग्न नोंदवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला नोंदीत चूक सापडली तर, सापडल्यापासून एक महिन्याच्या आत, ज्यांचं लग्न झालं त्यांच्या समोर, आणि ते वारले असतील किंवा हजर नसतील तर दुसऱ्या दोन विश्वासू साक्षीदारांसमोर, समासात दुरुस्ती लिहायची. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, खोडायचं नाही, वरून गिरवायचं नाही. समासात लिहायचं, सही करायची, तारीख घालायची, साक्षीदारांनीही सह्या करायच्या. आणि त्या नोंदीचं सर्टिफिकेट आधीच वर पाठवलेलं असेल तर मूळ चुकीची नोंद आणि समासातली दुरुस्ती दोन्ही दाखवणारं वेगळं सर्टिफिकेट करून त्याच मार्गाने पाठवायचं.

म्हणून आधी एक सांगा, चूक सापडून किती दिवस झाले? आणि हे काम तुमचं नाही, पाळकांचं आहे. सेक्रेटरीने कागद शोधायचे, तयारी करायची, पण समासात लिहिणार आणि सही करणार ते पाळक.

खाडीकाठचा_सेक्रेटरी

पाळकसाहेब खूप आभार. सापडून आज एकोणीस दिवस झाले. पाळकसाहेब मागच्या रविवारी येणार होते पण घाटात दरड आली म्हणून आले नाहीत, आता पुढचा दुसरा रविवार धरला तर महिना उलटून जातो. त्यांना फोन करतो आजच. पण 'रूथ' चं काय करायचं, तेही समासात लिहायचं का?

काळा_कोट_रत्नागिरी

नाही, ते नाही लिहायचं. मी रत्नागिरीला वकिली करते, ख्रिस्ती नाही, पण या कायद्याखालच्या केसेस हाताळल्यात आणि नेमकी इथेच लोकांची गल्लत होते म्हणून सविस्तर लिहिते.

चूक म्हणजे काय, तर लिहिताना जे खरं होतं ते सोडून दुसरं लिहिलं गेलं. याकोबच्या जागी योसेफ ही चूक आहे. तिला पुरावा पण सहज मिळेल, त्या गृहस्थांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला असेल तर बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात वडिलांचं नाव असणार, ते पान काढून ठेवा, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम. पण काकूंचं नाव १९७४ साली लग्नाच्या दिवशी रूथच होतं, त्या नावाने त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या नावाने त्यांनी सही केली असणार, बघा नोंदीखाली. मग ती नोंद बरोबर आहे. नंतर जगाने त्यांना सुमन म्हटलं म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचं खरं आज चुकीचं ठरत नाही. तिथे समासात सुमन लिहिलंत तर तुम्ही दुरुस्ती नाही, बदल केलात, आणि उद्या कुणी आक्षेप घेतला तर याकोबची खरी दुरुस्तीही संशयात येईल.

रूथ आणि सुमन एकच हे रजिस्टरच्या बाहेर सिद्ध करायचं. काकूंचा बाप्तिस्म्याचा उतारा, शाळेचा दाखला, दोन्हीकडे आईवडील तेच, जन्मतारीख तीच असेल तर बरंच काम झालं, त्यावर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. आणि लग्नाच्या नोंदीची प्रमाणित नक्कल जशीच्या तशी, रूथ सकट. कलम ७९ प्रमाणे रजिस्टर ज्याच्या ताब्यात आहे त्याने योग्य फी घेऊन शोध घेऊ द्यायचा आणि सहीची नक्कल द्यायची, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात या' असं म्हणत लोकांना टोलवता येत नाही. आणि कलम ८० प्रमाणे अशी प्रमाणित नक्कल लग्नाचा पुरावा म्हणून आणखी सिद्ध न करता स्वीकारली जाते. पेन्शनच्या अर्जाबरोबर या कलमाचा उल्लेख करणारं एक साधं पत्र पाळकांच्या लेटरहेडवर जोडा, समोरच्या टेबलावरच्या माणसाला बहुतेक वेळा हे ठाऊकच नसतं.

नक्कल देताना समासातली दुरुस्तीही नकलेत आली पाहिजे, नुसती सुधारलेली माहिती टाइप करून देऊ नका. मूळ काय, दुरुस्ती काय, कुठल्या तारखेची, सगळं दिसू दे.

पाळक_घाटावरचे

वकील ताईंनी फार नेमकं सांगितलं. सर्टिफिकेट 'वर' पाठवलं का, यावर थोडं लिहितो कारण कोकणात दोन तऱ्हेची रजिस्टरं सापडतात आणि नव्या माणसाचा गोंधळ उडतो. जिथे चर्च ऑफ इंग्लंडचे पाळक होते तिथल्या रजिस्टराला पावतीबुकासारखी मागे स्थळप्रत नसते, पाळकाने वर्षातून चार वेळा त्या तिमाहीतल्या नोंदींचे उतारे काढून आर्चडीकनच्या (बिशपांच्या हाताखालचा अधिकारी) रजिस्ट्रारकडे पाठवायचे अशी पद्धत होती. आणि जिथे दुसऱ्या मिशनचे, लायसन्स घेतलेले पाळक होते, म्हणजे वेंगुर्ल्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते तसे, तिथे नोंद दोनदा करायची, एकदा बुकात आणि एकदा त्याला जोडलेल्या सर्टिफिकेटवर, आणि ते सर्टिफिकेट फाडून मॅरेज रजिस्ट्रारकडे जायचं. १९७० साली नोव्हेंबरच्या २९ तारखेला नागपूरला सीएनआयमध्ये सगळे एक झाले पण ट्रंका आपापल्याच राहिल्या. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते पान उलटून बघा. तिमाही उताऱ्याचं असेल तर धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कचेरीत फोन करून १९७४ चे उतारे आहेत का विचारा, तिथल्या प्रतीत याकोब बरोबर लिहिला असेल तर तुमच्या हातात सोनं आहे.

आणि पाळकांना सांगा की बिशपसाहेबांच्या ऑफिसला आधी एक पत्र टाका, अशी अशी चूक अमुक तारखेला सापडली, कलम ७८ खाली दुरुस्ती करतोय. परवानगी म्हणून नाही तर माहिती म्हणून. पुढे पाळक बदलले तरी फाइलला कागद राहतो.

चाकरमानी_परळ

विषयाशी लागूनच आहे म्हणून विचारतो, रागावू नका. माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात आहे, मुलाकडच्यांना किनाऱ्यावर, वाळूत, सूर्यास्ताला लग्न पाहिजे, रिसॉर्ट बुक करून झालंय. आमचे पाळक नको म्हणतायत. घरात वाद चाललाय. हे पाळकांचं मत आहे का नियम आहे?

काळा_कोट_रत्नागिरी

दोन्ही असेल. कायद्यात अँग्लिकन पाळकांसाठी कलम ११ आहे, जिथे नेहमी उपासना होते त्या चर्चमध्येच लग्न लावायचं, जवळच्या रस्त्याने पाच मैलांच्या आत तसं चर्च नसेल किंवा बिशपांचं खास लायसन्स असेल तरच दुसरीकडे. आणि कलम १० प्रमाणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत, त्यालाही बिशपांच्या खास लायसन्सचा अपवाद आहे. डिसेंबरात कोकणात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो त्यामुळे वेळेचं जमेल पण वऱ्हाड वेळेवर आलं पाहिजे. पाळकांना अडवून धरू नका, लग्न चर्चमध्ये लावा आणि संध्याकाळी वाळूत जेवण ठेवा.

पाळक_घाटावरचे

परळवाल्या भाऊंना एवढंच सांगतो, मी एकदा एक लग्न सातला पाच मिनिटं असताना लावलंय. मुलाकडचे कोकण रेल्वेने येत होते, पावसात गाडी साडेतीन तास उशिरा. नवरी देवळात पहिल्या बाकावर बसून होती, मी घड्याळाकडे बघत होतो आणि मनात प्रार्थना करत होतो. लग्नाच्या सूचनेवर जे सर्टिफिकेट मिळतं ते दोन महिने चालतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी लावलं असतं तरी चाललं असतं, पण दोनशे पानांचं जेवण तयार होतं. तेव्हापासून मी वऱ्हाडाला आदल्या दिवशीच यायला सांगायचो.

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण

सेक्रेटरी दादा, तुम्ही ट्रंक म्हणालात आणि माझ्या पोटात गोळा आला. लोखंडी ट्रंक जमिनीवर ठेवलीय का? आमच्याकडे तशीच होती, व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीच्या, कोपऱ्यात भिंतीला लागून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, भिंत आतून ओली, ट्रंकेला खालून गंज आणि त्या भोकातून वाळवी. माझ्या आजीच्या बाप्तिस्म्याचं पान होतं त्याची वाळवीने चाळण केली. माझ्याकडे आजीचा एकच फोटो आहे आणि तिचा जन्म कधीचा ते कुणालाच सांगता येत नाही, कारण ते फक्त त्या पानावर होतं.

मी ग्रंथालयात काम करते म्हणून सांगते. ट्रंक आजच उचला, लाकडी फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. शक्य असेल तर कपाटात वरच्या कप्प्यात. ओली पानं उन्हात घालू नका, कागद कडक होतो आणि शाई उडते, सावलीत पंख्याखाली ठेवा आणि पानांच्या मध्ये टीपकागद घाला, तो ओला झाला की बदला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि अक्षर घेऊन सुटतो. लॅमिनेशन तर नाहीच नाही. कसर लागली असेल तर मऊ ब्रशने झटका, डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून कोपऱ्यात, कागदाला टेकवून नको.

आणि फोटो काढा. प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानाचासुद्धा, कारण कोरं पान कोरं होतं हेही पुढे दाखवावं लागतं. एक प्रत मंडळीकडे, एक बिशप ऑफिसला. पण मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका हो. जुन्या पाळकांनी शेऱ्यांत काय काय लिहिलेलं असतं, कुणाचं मूल दत्तक, कुणाचे वडील अज्ञात, ती माणसं नाहीतर त्यांची मुलं अजून गावात आहेत.

लेस्टरहून_दापोलीकर

मी बरीच वर्षं इंग्लंडात आहे, इथल्या पॅरिशच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) कौन्सिलवर होतो म्हणून थोडं. इंग्लंडात पॅरिशने नोंदी ठेवायची सुरुवात १५३८ ची, थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने. पण इथे ४ मे २०२१ पासून चर्चमधलं लग्नाचं रजिस्टरच बंद झालं, आता लग्नाच्या दिवशी एका कागदावर सह्या होतात आणि तो सरकारी ऑफिसात जाऊन तिथे संगणकात नोंद होते, आणि त्याच वेळी पहिल्यांदा नवरानवरीच्या आयांची नावंही नोंदीत आली, तोवर फक्त बापांची होती. म्हणजे इथल्या गाइडन्सच्या पीडीएफ बघून तुम्ही काही करू नका, नाव अँग्लिकन असलं तरी तुमचा कायदा वेगळा आहे. मला एकाने भारतातून विचारलं होतं की इंग्लंडचा फॉर्म वापरू का, म्हणून मुद्दाम लिहितोय.

एक मात्र उपयोगाचं. ब्रिटिश काळातले मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांचे उतारे लंडनला जायचे, ते ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणारं लंडनचं सरकारी खातं) दप्तरात आहेत, मुंबईचा संच एन/३ या खुणेखाली. आमच्या दापोलीला कॅम्प होता, तिथल्या गोऱ्या सोल्जरांच्या नातवंडा-पतवंडांना मी हेच सांगतो. जिथे वाळवीने पान खाल्लं तिथे कदाचित उतारा मिळू शकतो. माहेरवाशीण ताई, तुमच्या आजींचं वेंगुर्ल्याचं मिशन वेगळं होतं त्यामुळे तिथे मिळेल असं म्हणत नाही, पण आजींचा बाप्तिस्मा एखाद्या अँग्लिकन चर्चमध्ये झाला असेल तर शोधून बघायला मी तयार आहे, मेसेज करा.

खाडीकाठचा_सेक्रेटरी

सगळ्यांना काय झालं ते सांगायला आलोय. पाळकसाहेबांना फोन केला, सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले मी मधल्या वारी येतो. एसटीने आले, घाटात एकाच बाजूने गाड्या सोडत होते, सकाळी सहाला निघालेला माणूस दुपारी दोनला पोचला, सापडल्यापासून चोविसाव्या दिवशी.

आमचं रजिस्टर स्थळप्रत नसलेलंच निघालं. कचेरीतल्या एका ताईंनी १९७४ चे उतारे शोधले, त्यांच्याकडेही योसेफच आहे, म्हणजे चूक इथे झाली आणि तशीच वर गेली. पण नवऱ्यामुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडील याकोब स्पष्ट आहेत, १९४८ ची नोंद, शाळेच्या दाखल्यातही तेच. पाळकसाहेबांनी समासात लिहिलं, सही केली, तारीख घातली. साक्षीला दोघे बोलावले, त्यातले एक व्हाइटनर म्हणणारे आमचे ज्येष्ठच. मी त्यांना सात वर्षांचं सांगितलं नाही, नुसतं कलम वाचून दाखवलं, ते म्हणाले मला माहीत नव्हतं रे, आणि चष्मा पुसून नीट सही केली. दुरुस्तीचं वेगळं सर्टिफिकेट स्पीड पोस्टाने कचेरीला पाठवलंय, पावती फाइलला लावली.

काकूही आल्या होत्या. वकील ताई म्हणाल्या तसं नोंदीखाली बघितलं, 'रूथ' अशीच सही आहे, पहिलं अक्षर निळं आणि पुढचं काळं. मला वाटलं हा अजून एक घोटाळा. तर काकूंनी बोट ठेवून सांगितलं की पेन मध्येच सुकलं, मग ह्यांनी खिशातलं आपलं पेन दिलं, ते काळं होतं. पाळकसाहेबांनी मला ते एका वेगळ्या कागदावर लिहून तारीख घालायला सांगितलं, काकूंची सही घेतली आणि तो कागद रजिस्टरबरोबर ठेवला, पुढे कुणी शाईबद्दल विचारलं तर असावा म्हणून.

नक्कल, बाप्तिस्म्याचे दोन उतारे, प्रतिज्ञापत्र आणि कलम ८० चं पत्र घेऊन काकू सोमवारी ऑफिसला जातील, मीही बरोबर जातोय. ट्रंक फळीवर ठेवली. खालचा पत्रा एका जागी गंजून फुटलाय पण वाळवी अजून आत गेली नव्हती. १९३० च्या आधीच्या दफनांचं एक पातळ रजिस्टर सगळ्यात खाली होतं, त्याची पानं एकमेकांना चिकटलीयत. माहेरवाशीण ताई, ती कशी सोडवायची ते सांगा, मी अजून हात लावलेला नाही.